हवेतला कार्बन आणि वीज यांपासून इंधन : हिशेब जुळतो का?

कुतूहल :
पवनचक्कीच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढायचा, हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायचा आणि दोहोंपासून पेट्रोल, डिझेल किंवा विमानाचे इंधन बनवायचे, अशा प्रकल्पांविषयी हल्ली बरेच वाचनात येते. माझी शंका मुळातलीच आहे. कार्बन डायऑक्साइड म्हणजे इंधन जळून उरलेली राख. त्या राखेचे पुन्हा इंधन करायचे, तर जळताना मिळाली तेवढी ऊर्जा परत घालावी लागणार आणि वाटेत काही वायाही जाणार. मग हाताशी असलेली वीज थेट न वापरता हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

अणुरेणू :
‘राख’ हा शब्द अगदी नेमका आहे आणि ती किती महागात पडते ते एका लिटरवर दिसते. डिझेलच्या साखळीत एका कार्बनमागे हायड्रोजनचे दोन अणू असतात असे ढोबळमानाने धरू. कार्बन डायऑक्साइडपासून अशी एक कडी घडवायला हायड्रोजनचे तीन रेणू लागतात. त्यांतला एकच इंधनात बसतो, उरलेले दोन कार्बनला चिकटलेला ऑक्सिजन ओढून काढण्यात खर्ची पडतात आणि त्यांचे पुन्हा पाणी होते. म्हणजे ज्या पाण्याचे विघटन करायला वीज ओतली, त्यातले दोन-तृतीयांश पाणी कारखान्याच्या दुसऱ्या टोकाला परत भेटते!

लिटरभर डिझेलला साधारण एक-तृतीयांश किलो हायड्रोजन लागतो, आणि इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्याचे विघटन करणारे यंत्र) किलोमागे 50 ते 55 युनिट वीज घेतो. नुसत्या हायड्रोजनचीच 17-18 युनिट झाली. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो जेमतेम 0.04 टक्के, एकही रेणू निसटू दिला नाही, तरी या एका लिटरसाठी सुमारे साडेतीन हजार घनमीटर हवा गाळावी लागते. ते गाळणे, वायू दाबणे, तापवणे धरले की आकडा विसाच्या पुढे जातो, आणि हाती येणाऱ्या इंधनात ऊर्जा असते 10 युनिटांच्या आसपास.

तेव्हा मोटारीपुरता तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. तीच वीस युनिट बॅटरीत भरली तर मोटार शंभर किलोमीटरच्या पुढे जाते. इंधन करून जाळली तर वीसएक किलोमीटर. विमानाची गोष्ट मात्र निराळी. किलोभर केरोसीनमध्ये 12 युनिट ऊर्जा मावते, किलोभर बॅटरीत पाव युनिटच्या आसपास, आणि केरोसीन उडता उडता संपून विमान हलके होत जाते, तर बॅटरीचे ओझे उतरेपर्यंत तेवढेच राहते. युरोपीय संघाने कृत्रिम इंधनाची सक्ती विमानांच्या बाबतीत केली ती यामुळेच : 2030 आणि 2031 मध्ये सरासरी 1.2 टक्के, 2050 मध्ये 35 टक्के.

तिसरी पाळी :
वरच्या हिशेबात वाऱ्याचा लहरीपणा आलेला नाही. अशा इंधनाच्या वाटेवरचा एक मधला पदार्थ म्हणजे मिथेनॉल; त्याच्या रिॲक्टरवर मी बरीच वर्षे पाळीत काम केले आहे. अडीचशे अंशांच्या आसपासचे तापमान आणि वातावरणाच्या पन्नास ते शंभर पट दाब सांभाळणाऱ्या त्या यंत्राला वायूचा पुरवठा एकसारखा लागतो. एकदा रात्री कॉम्प्रेसर बंद पडला, तो अर्ध्या तासात सुरूही झाला, पण उत्प्रेरकाच्या थराचे तापमान पुन्हा जागेवर येईपर्यंत सकाळची पाळी हजर झाली होती. इलेक्ट्रोलायझर विजेबरोबर खालीवर होऊ शकतो, त्याच्या मागचा रिॲक्टर तितका नाही. म्हणून मध्ये हायड्रोजनची मोठी साठवण तरी हवी, नाहीतर वारा क्वचितच पडतो अशी जागा तरी. चिलीच्या दक्षिण टोकाला पुंता अरेनासजवळचा हारू ओनी प्रकल्प अशाच जागी आहे. तिथे आधी मिथेनॉल आणि त्यापासून पेट्रोल करतात. डिसेंबर 2022 मध्ये उत्पादन सुरू झाले, पण क्षमता वर्षाला 1 लाख 30 हजार लिटर एवढीच. प्रात्यक्षिक म्हणूनच त्याकडे पाहावे.

कुतूहल :
विमानाचा मुद्दा पटला. पण विरळ हवा गाळत बसण्यापेक्षा सिमेंट कारखान्याच्या धुराड्यातला वायू घेतला तर? तिथे तो कितीतरी दाट असतो.

अणुरेणू :
पकडायला स्वस्त पडेल, पण तो कार्बन चुनखडीतून आणि कोळशातून आलेला असतो. विमानात जळल्यावर तो हवेतच जाणार. एकदा जास्त वापरला गेला इतकेच. शिवाय सिमेंटवाला आणि विमानवाला दोघेही कार्बनची तीच बचत आपापल्या खात्यावर मांडू पाहतात. युरोपच्या नियमांत म्हणूनच मुदत घातली आहे : जीवाश्म इंधनावरच्या वीजकेंद्रांचा वायू 2036 पर्यंत, इतर उद्योगांचा 2041 पर्यंतच चालेल. इथेनॉलच्या किण्वनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्ध असतो आणि वनस्पतींनी तो हवेतूनच घेतलेला असतो, पण त्याचा साठा मर्यादित आहे.

हवेतून पकडण्याच्या बाजूने एक गोष्ट सांगता येते. फिशर आणि ट्रॉप्श यांनी 1920 च्या दशकात शोधलेल्या, द्रव इंधन घडवण्याच्या आणि आजही वापरात असलेल्या प्रक्रियेत दोनशे अंशांच्या वरची बरीच उष्णता बाहेर पडते, आणि हवेतला वायू पकडणाऱ्या घन शोषकांना तो सोडून देण्यासाठी शंभरेक अंश पुरतात. दोन्ही एकाच आवारात असली, तर पकडण्याच्या खर्चातला उष्णतेचा मोठा वाटा त्यातून भागतो. मग वीज मुख्यतः पंख्यांना लागते.