मदत हवी आहे: भावाचा एमआरआय नॉर्मल आला आणि घरचे म्हणतायत डिप्रेशन वगैरे काही नाही

नमस्कार मंडळी, एरवी नुसती वाचत असते, पण आता अगदीच राहवेना म्हणून धागा काढतेय. थोडं लांबेल, वाचा प्लीज. इथे डॉक्टर मंडळी आहेत आणि घरात डिप्रेशनचा पेशंट सांभाळणारेही बरेच आहेत, दोघांकडूनही हवंय.

माझ्या धाकट्या भावाला मेजर डिप्रेशन आहे. वय २७. पहिल्यांदा झालं ते बारावीत, तेव्हा अभ्यासाचं टेन्शन म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. मग नोकरीच्या पहिल्या वर्षी पुन्हा, आणि आता हे तिसऱ्यांदा. या वेळी खूपच खोल आहे. सकाळी बेसिनपाशी जाऊन उभा राहतो, ब्रशवर पेस्ट लावलेली असते, नळ चालू असतो आणि हात तसाच. मी जाऊन नळ बंद केला तरी त्याचं लक्ष नसतं. जेवण निम्म्यावर आलंय, रात्री तीनला जागा होतो तो होतोच. सायकियाट्रिस्टच्या गोळ्या चालू आहेत.

डोकं दुखतं आणि विसरायला होतं असं तो सांगत होता म्हणून डॉक्टरांनी एकदा एमआरआय करून घ्या म्हटलं, दुसरं काही नाही ना एवढं बघायला. रिपोर्ट नॉर्मल आला. मला हायसं वाटलं, पण घरी वेगळंच सुरू झालं. पप्पांनी ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि आईला म्हणाले, "बघ, मेंदू ठणठणीत आहे. उगाच गोळ्या खाऊन सुस्त पडलाय." काकांनी फोनवर त्यात भर घातली की शेतावर पाठवा चार दिवस, आपोआप सरळ होईल. आता पप्पा रोज गोळ्या बंद कर म्हणून मागे लागलेत. आणि परवा रात्री भाऊ मला म्हणाला, "ताई, मशीनमध्ये काहीच दिसलं नाही, मग मी नाटक करतोय का गं?" यावर मला धड उत्तर देता आलं नाही, तेच डोक्यात घोळतंय.

म्हणून वाचायला बसले. तर डिप्रेशनमध्ये मेंदूत फरक दिसतो असं पेपरांमध्ये स्पष्ट लिहिलंय की! १९९६ पासून अमेरिकेतल्या शेलाइन वगैरेंचे अभ्यास आहेत, पुन्हापुन्हा डिप्रेशन झालेल्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे कानामागच्या भागात आत खोल असलेला आठवणींशी संबंधित तुकडा, लहान आढळला. मग एनिग्मा नावाच्या आंतरराष्ट्रीय गटाने खूप देशांतले स्कॅन एकत्र केले, १,७२८ पेशंट आणि ७,१९९ निरोगी लोक, तो पेपर २०१६ चा. त्यातही हिप्पोकॅम्पस लहान. आणि ज्यांना पुन्हापुन्हा होतं आणि ज्यांना २१ च्या आत सुरू झालं त्यांच्यात फरक जास्त, पहिलाच झटका असलेल्यांमध्ये फरकच नाही. आता माझ्या भावाला दोन्ही लागू आहे ना, लवकर सुरू झालं आणि तिसरी वेळ. ते वाचून रात्रभर झोप नाही लागली. पुढच्या वर्षी त्याच गटाने मेंदूच्या वरच्या थराचा, कॉर्टेक्सचा, अभ्यास छापला, त्यात मोठ्या माणसांमध्ये कपाळामागचा खालचा भाग, सिंग्युलेट, इन्शुला असे काही भाग पातळ दिसले.

मग आमच्या रिपोर्टमध्ये हे का नाही आलं? रेडिऑलॉजिस्टने नीट बघितलं नाही का, की जास्त पॉवरच्या मशीनवर परत करून हिप्पोकॅम्पस मोजून घ्यायचा? एका सेंटरवाल्याने तर ब्रेन मॅपिंगचं पॅकेज सांगितलंय, डिप्रेशन आहे की नाही ते कागदावर येईल म्हणाला, आणि खरं सांगते, पप्पांना दाखवायला कागद मिळेल म्हणून मला ते करावंसं वाटतंय. दुसरं म्हणजे जे लहान झालं ते परत भरून येतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, पप्पांना कसं समजावू? पप्पा वाईट नाहीत हो, भावाला ताप आला तरी रात्रभर उशाशी बसणारा माणूस आहे, पण त्यांना डोळ्याला दिसेल तेच खरं वाटतं.

पहिला प्रतिसाद

ताई, मी मानसोपचार विभागात काम करते. तुमच्या भावाचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे औषधाचं काही सांगणार नाही, ते त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. पण स्कॅनबद्दल नक्की सांगते, कारण ओपीडीत जवळजवळ रोज हाच प्रश्न येतो.

तुम्ही वाचलंय ते खरं आहे, फक्त आकडा किती आहे तो बघा. एनिग्माच्या त्या अभ्यासात हिप्पोकॅम्पसचा फरक सरासरी १.२४ टक्के होता. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण तीन-साडेतीन मिलिलिटरचा असतो, त्याचे सव्वा टक्का म्हणजे साबुदाण्याचा एक कच्चा दाणा. तोही हजारो लोकांची सरासरी काढल्यावर. रेडिऑलॉजिस्ट बघतात ते गाठ, रक्तस्राव, जुना स्ट्रोक, सूज, पाणी साठणं असलं काही आहे का, आणि ते नाही म्हणून रिपोर्ट नॉर्मल. त्यांनी त्यांचं काम बरोबरच केलंय. मशीन बदललं, सॉफ्टवेअर बदललं तरी मोजमाप थोडं इकडेतिकडे होतं, त्यामुळे एका माणसाचा एकदा मोजलेला आकडा घेऊन काही सिद्ध होत नाही.

२०२२ मध्ये जर्मनीतला एक मोठा अभ्यास आला होता, डिप्रेशनचे पेशंट आणि निरोगी मिळून १,८०९ जण. मेंदूची रचना, त्यातल्या जोडण्या, काम, सगळं मोजलं. दोन्ही गटांचे आकडे ८७ ते ९५ टक्के एकमेकांवर पडत होते. एकेका मोजमापावरून डिप्रेशनवाला कोण ते ओळखायला गेलं तर ५४ ते ५६ टक्केच बरोबर येत होतं, नाणं उडवलं तरी ५० येतंच. म्हणजे किती निरोगी लोकांचा हिप्पोकॅम्पस लहान असतो आणि किती गंभीर पेशंटचा चांगला मोठा असतो. तेव्हा भावाला सांगा, नॉर्मल एमआरआयने तू नाटक करतोयस असं ठरत नाही, तुझ्यासारख्या बहुतेक पेशंटचा एमआरआय नॉर्मलच येतो. हे वाक्य त्याला पुन्हापुन्हा सांगा, त्याला त्याची फार गरज आहे. डिप्रेशनचं निदान लक्षणांवरून होतं, नऊपैकी निदान पाच, दोन आठवडे, आणि त्यात उदासपणा किंवा कशातच रस न वाटणं यातलं एक हवंच. ब्रेन मॅपिंगच्या पॅकेजला पैसे घालू नका, त्या कागदावरून निदानही होत नाही आणि कुठली गोळी द्यायची तेही ठरत नाही.

भरून येतं का म्हणाल, तर त्यात आशा ठेवायला जागा आहे. हिप्पोकॅम्पस लहान दिसतो म्हणजे पेशी मेल्या असं नाही. मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये पेशी जास्त दाटीने बसलेल्या दिसल्या, म्हणजे कमी झालं ते मधलं जाळं, पेशींच्या फांद्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत सततच्या ताणाने, कॉर्टिसोल हे ताणाचं हार्मोन वाढून, या फांद्या आखडतात आणि ताण गेला की परत वाढतात असं दिसलंय. ईसीटी, म्हणजे ज्याला लोक शॉक म्हणून घाबरतात, त्यानंतर तर हिप्पोकॅम्पसचा आकार वाढलेला स्कॅनवर दिसतो. मात्र आकार जास्त वाढला म्हणून पेशंट जास्त बरा झाला असं काही त्यात आढळलं नाही, म्हणून आकाराच्या मागे लागू नका, झोप, भूक, बोलणं, कामाला हात लागणं यावर लक्ष ठेवा. आधी लहान असल्यामुळे डिप्रेशन होतं की डिप्रेशनमुळे लहान होतं यावर अजून वाद आहे, दोन्ही थोडं थोडं असावं असं मला वाटतं.

आणि गोळ्या अचानक बंद होऊ देऊ नका. चक्कर, झोप उडणं, चिडचिड असा त्रास होतो आणि आजार उलटायची भीती असते. सुस्ती खरंच येत असेल तर ते डॉक्टरांना सांगा, वेळ किंवा औषध बदलता येतं. तिसरी वेळ आहे म्हणजे बरं वाटल्यावरही बराच काळ, बहुधा दोन वर्षं किंवा जास्त, चालू ठेवायला सांगतील. एक विचारते, तो मरणाबद्दल काही बोलतो का? सरळ विचारा त्याला, विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. तसं काही असेल तर थांबू नका, त्याला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

दुसरा प्रतिसाद

आमच्या आईला ६४ व्या वर्षी पहिल्यांदा डिप्रेशन आलं. तिच्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके होते आणि आमच्याकडे उलटा गोंधळ, सगळे म्हणायला लागले मेंदूचा आजार आहे, सायकियाट्रिस्टकडे कशाला. डॉक्टरांनी समजावलं की उतारवयात पहिल्यांदा येणाऱ्या डिप्रेशनमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचा संबंध असू शकतो, पण असे ठिपके त्या वयाच्या धडधाकट लोकांमध्येही भरपूर दिसतात. बीपी आणि शुगर आटोक्यात ठेवा म्हणाले आणि डिप्रेशनची गोळी दिली. चांगली आहे आता. पप्पांना घेऊन एकदा डॉक्टरांसमोर बसा, मुलगी सांगते ते आणि डॉक्टर सांगतात ते यात आमच्या पिढीच्या वडिलांना खूप फरक वाटतो. थायरॉइड आणि बी१२ केलंय ना?

धागाकर्ती

दोघांचेही खूप आभार, मनापासून. थायरॉइड, बी१२ झालंय, नॉर्मल आहे. पॅकेज कॅन्सल. साबुदाण्याचं भावाला सांगितलं, तो काही बोलला नाही पण मोबाईल घेऊन तो प्रतिसाद स्वतः परत वाचला. मरणाबद्दल विचारलं. "कधीकधी वाटतं, पण काही करणार नाही" म्हणाला. डॉक्टरांना लगेच फोन केला, उद्या सकाळची वेळ दिलीये, आज मी त्याच्याच खोलीत झोपतेय आणि घरातल्या गोळ्या माझ्याकडे ठेवल्यात.

पप्पांना उद्या सोबत नेतेय, भाऊ हो म्हणालाय. तिथे ते फिल्मचाच विषय काढणार हे नक्की. ज्यांनी आपल्या वडिलांना असं डॉक्टरांसमोर नेलंय त्यांनी सांगा, आधी डॉक्टरांना एकटीने भेटून घरचं सगळं सांगू की भावासमोरच बोलू? त्याला वाटायला नको की त्याच्या पाठीमागे काही चाललंय. रात्री उशिरापर्यंत जागीच आहे, कधीही लिहा.