मदत हवी आहे: चार प्रोसेसवर सिम्युलेशन उलट हळू चालतंय

नमस्कार मंडळी, एमटेकच्या प्रोजेक्टसाठी एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये डेटा सेंटरचं मोठं नेटवर्क उभं केलंय, साधारण २,००० नोड. एका प्रोसेसवर रात्रभर चालतं, म्हणून एमपीआय (वेगवेगळ्या प्रोसेसनी एकमेकांना निरोप पाठवत मिळून काम करायची पद्धत) वापरून चार भाग केले, एकेका प्रोसेसला एक. आता त्याहूनही जास्त वेळ लागतोय! हसू नका.

माझा संशय लुकअहेडवर आहे, म्हणजे एक भाग दुसऱ्यांची वाट न पाहता सिम्युलेशनच्या वेळेत किती पुढे जाऊ शकतो त्यावर; तो भागांमधल्या लिंकच्या डिलेवरून ठरतो. भाग तोडलेत तिथल्या पॉइंट-टू-पॉइंट लिंकचा डिले फक्त १० मायक्रोसेकंद. म्हणजे सिम्युलेशनमधल्या एका सेकंदासाठी चारही प्रोसेसना जवळपास लाखभर वेळा एकमेकांसाठी थांबावं लागत असणार. त्यात चारही मशीन लॅबच्या साध्या इथरनेटवर. डिले वाढवला तर वेग येईल, पण मग ते डेटा सेंटर राहतच नाही, निकाल काय कामाचे?

नल मेसेज पद्धतीवर (सगळ्यांनी एकदम थांबण्याऐवजी शेजारच्या भागाला ‘या वेळेपर्यंत माझ्याकडून काही येणार नाही’ असे रिकामे निरोप पाठवायचे) गेलो तर फरक पडेल का, की इतक्या कमी लुकअहेडला नुसत्या नल मेसेजचाच पूर येईल? की चारही प्रोसेस एकाच मशीनच्या चार कोअरवर चालवू? नेटवर्क रॅकनुसार (सर्व्हरचं एकेक कपाट) तोडावं की पॉडनुसार (अनेक रॅकचा गट), हेही सांगा. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर फार बरं होईल, गाइड सरांना सोमवारी आकडे दाखवायचेत.