मदत हवी आहे: पावसाळ्यात बाल्कनीतलं कंपोस्ट फार ओलं राहतंय

पुण्यात फ्लॅटमध्ये राहतो, चौघांचा ओला कचरा बाल्कनीत भोकं पाडलेल्या २० लिटरच्या बादलीत जिरवतो, उन्हाळाभर मस्त चालू होतं पण पाऊस लागल्यापासून तळाला काळं पाणी साचतंय आणि आंबूस वास येतोय. अळ्या पण झाल्यात, त्यांचं काही नाही, त्या कचराच खातात, पण वासामुळे शेजारच्या काकू वैतागल्यात आणि त्यांचं बरोबरच आहे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, ओल शोषायला) वाढवलं, ताक घालणं बंद केलं, एकाआड एक दिवस हलवतो, शिजवलेलं अन्न टाकतच नाही. सुका पाला सध्या सगळा भिजलेला, बाल्कनीत ऊन नाही, गच्चीवर ठेवायला सोसायटी नाही म्हणते. कोकोपीटऐवजी लाकडाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा चालेल का, आणि कचऱ्याच्या किती पट घालायचा?