घड्याळाची चेन : बघायला भारी की घालायला?

टिकटिक

शोरूममध्ये महागडं घड्याळ हातात आलं की आपण डायल बघतो, काटे बघतो, उलटं करून मशीन बघतो. चेनकडे फारसं कुणी बघत नाही. वापरायला लागल्यावर मात्र डायलशी संबंध येतो तो वेळ बघण्यापुरता, आणि चेन दिवसभर कातडीला लागून असते.

भांडायला सोपं जावं म्हणून माझं म्हणणं टोकाचं मांडतो. आज सगळ्यात जास्त कौतुक होतं ते ओडमार पिगे कंपनीच्या रॉयल ओक घड्याळाच्या चेनचं, आणि मनगटाला सगळ्यात जास्त सुख देते ती रोलेक्सची साधी तीन पट्ट्यांची ऑयस्टर. पहिलीवर कारागिरी ओतलीय, दुसरीवर डोकं चालवलंय.

कारण असं की मनगट दिवसभर एका मापाचं राहत नाही. मे महिन्यात भर दुपारी स्कूटरवरून उतरा, चेन रुतलेली असते. तासभर एसीत बसा, तीच चेन खालीवर घसरायला लागते. एक अख्खी कडी काढली तर फार घट्ट, ठेवली तर फार सैल. गरज असते दोन-तीन मिलिमीटरची. रोलेक्सच्या सबमरीनर घड्याळाला ग्लाइडलॉक आहे, त्यात क्लास्प (चेन बंद करायचा खटका) उघडायचा, आतली पट्टी उचलायची आणि साधारण 2 मिमीच्या टप्प्यांनी सरकवायची, एकूण 20 मिमीपर्यंत. हत्यार लागत नाही, दुकानात जावं लागत नाही. ट्यूडर कंपनीचा टी-फिट क्लास्प 8 मिमी देतो, पाच जागांमध्ये. रॉयल ओकच्या नेहमीच्या क्लास्पमध्ये अशी सोय नाही. एवढे पैसे मोजून दुपारी हात आवळून घ्यायचा आणि रात्री खुळखुळा वाजवायचा, हे मला पटत नाही.

निळा_डायल

असहमत. आणि जरा रागावूनच असहमत.

तुम्ही आराम म्हणजे फक्त सैल-घट्ट करणं असं धरून चाललात. चेन मनगटावर पडते कशी, हा पहिला प्रश्न. रॉयल ओक 1972 ची. डिझाइन जेराल्ड जेंटाचं, चेन बनवली जिनिव्हाच्या गे फ्रेर कंपनीने. केसपासून (म्हणजे डायल आणि मशीन बसतं त्या धातूच्या डबीपासून) क्लास्पकडे ती सतत निमुळती होत जाते. म्हणजे कडीगणिक माप वेगळं, आणि प्रत्येक कडी वेगळी कापावी लागते. वरून ब्रश केलेली, म्हणजे बारीक रेघांची, बिनचमकेची, कडेला आरशासारखी पॉलिश केलेली तिरपी धार. नखाने त्या धारेवरून जाऊन बघा. कुठे टोचत नाही, कुठे अडखळत नाही. ही निव्वळ शोभा नाही, धार मारलेली नसती तर तीच कडा मनगटाच्या हाडाला लागली असती.

आणि ते रोलेक्सच्या डोक्याचं कौतुक. गे फ्रेरनेच रोलेक्सला वर्षानुवर्षं चेन पुरवल्या. 1976 च्या पाटेक फिलिपच्या नॉटिलस घड्याळाची चेनही त्यांचीच. 1998 मध्ये रोलेक्सने ती अख्खी कंपनी विकत घेतली. डोकं कुणाचं ते तुम्हीच ठरवा.

टिकटिक

@निळा_डायल, हात गे फ्रेरचे असतील, नाही म्हणत नाही. पण ग्लाइडलॉक आला कंपनी घेतल्यावर दहा वर्षांनी. आणि धार टोचत नाही हे मान्यच आहे, माझी तक्रार धारेबद्दल नव्हती. नीट मापात बसवलेली रॉयल ओक सकाळी दहाला अप्रतिम वाटते. तीन वाजता बोला.

निळा_डायल

तीन वाजता रोलेक्सच्याच डेटजस्टवाल्याशी पण बोला. त्याला ग्लाइडलॉक नाही, ईझीलिंक मिळतो. 5 मिमीचा एकच टप्पा, एकतर उघडा नाहीतर बंद, मधलं काही नाही. रोलेक्स म्हणजे सगळं सबमरीनर नव्हे.

मृगजळ

दोघंही मोठ्या मनगटाचे पुरुष दिसताय. :)

माझं मनगट सव्वापाच इंच. सव्वापाच-साडेपाच इंचांच्या हातावर रॉयल ओकसारखं केसलाच जोडलेल्या चेनचं घड्याळ घालून बघा. केसमधून निघणारा पहिला तुकडा एका मर्यादेपलीकडे खाली वाकत नाही, हाताच्या दोन्ही बाजूंनी तो हवेत पुढे येतो, आणि चेन तिथून खाली उतरते. आत बोट जाईल एवढी पोकळी राहते. केसचा व्यास जाहिरातीत लिहितात, हे अंतर कुणी लिहीत नाही. तिथे धारेला कितीही पॉलिश मारा, घड्याळ डोलतंच.

ऑयस्टरही मला तितकीशी नाही पटत. रुंद, चपट्या कड्या, बारीक हाताला वळताना कोन पडतात. माझं मत रोलेक्सच्याच जुबिली चेनला. पाच तुकड्यांच्या छोट्या कड्या, 1945 मध्ये डेटजस्टबरोबर आली, आणि इतक्या वर्षांनंतरही लहान मनगटाला तिच्याइतकी लगटून बसणारी स्टीलची चेन मी घातलेली नाही. 2018 मध्ये रोलेक्सच्या जीएमटी घड्याळावर स्टीलमध्ये परत आली तेव्हा बरेच पुरुष नाक मुरडत होते, बायकी दिसते म्हणून. आज त्याच घड्याळासाठी रांग लावतात.

आणखी एक, तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात येणार नाही ते. त्याच हातात पाटल्या किंवा बांगड्या असतील तर स्टीलची चेन सोनं खाते. 22 कॅरेटचं सोनं मऊ, स्टील कडक. लग्नसमारंभात दोन्ही एका हातात घालून दिवसभर वावरलं की पाटलीच्या कडेला बारीक ओरखड्यांचा पट्टा उमटतो. क्लास्पची बाजूची धार जितकी तिखट, तितकं जास्त. म्हणून मी क्लास्प बंद करून त्याच्या कडेवरून आधी बोट फिरवते. चेनच्या दर्जाची माझी पहिली परीक्षा ती.

रिकामटेकडा

वडिलांची एचएमटी जनता चामडी पट्ट्यावर तीस वर्षं चालली. पट्टा तुटला की नाक्यावर नवा. कुणी 'मायक्रो-ॲडजस्टमेंट'वर निबंध लिहिला नाही. चालू द्या.

निळा_डायल

चामड्यालाही भोकं असतातच की, काका. तीच मायक्रो-ॲडजस्टमेंट.

घड्याळजी_ठाणे

आमचं दुरुस्तीचं दुकान, मी तिसऱ्या पिढीतला. इथे सगळे नव्या चेनबद्दल बोलताय. माझ्याकडे येतात त्या वीस-तीस वर्षं घातलेल्या. दर्जा तिथे कळतो.

गिऱ्हाईक म्हणतं, चेन ताणली गेली. धातू ताणला जात नाही. घाम, धूळ आणि साबण मिळून कड्यांच्या फटीत काळं कीट साठतं, आणि ते पॉलिश पेपरचं काम करतं. हात हलेल तशी पिन झिजते, पिनेचं भोक मोठं होतं. एकेका सांध्यात केसाएवढा फरक, पण सांधे भरपूर. घड्याळ आडवं धरा, बारा वर आणि सहा खाली न ठेवता बाजूवर, म्हणजे चेन हवेत सरळ राहायला हवी. जुनी सोन्याची जुबिली धरली तर ती कमानीसारखी खाली लोंबते. मृगजळताईंना आवडणारे छोटे छोटे तुकडे म्हणजे जास्त सांधे, आणि जास्त सांधे म्हणजे जास्त झीज. आराम फुकट मिळत नाही. सोन्यात हे फार होतं म्हणून तर रोलेक्सने प्रेसिडेंट चेनच्या कड्यांमध्ये सिरॅमिकच्या नळ्या घालायला सुरुवात केली. सोनं सोन्यावर घासायलाच नको.

आता रॉयल ओक. सुंदर आहे, वाद नाही. पण ती पॉलिशची तिरपी धार एकदा कुणी बफिंगच्या चाकावर धरली की संपली. कड गोल होते, ब्रश आणि पॉलिश यांच्यामधली रेघ पुसट होते, परत आणायची तर काम जिनिव्हाच्या तोडीचं लागतं. गल्लीतल्या दुकानात 'चमकवून द्या' म्हणून दिलेल्या अशा चेन बघितल्या की पोटात कालवतं. ऑयस्टरचा ब्रश मात्र नीट हात बसलेला कारागीर पुन्हा मारू शकतो. दुरुस्त होणारी वस्तू जास्त दर्जाची, हे माझं मत, धंद्यातलं समजा.

मृगजळ

@घड्याळजी_ठाणे, झीज पटली, पण चेन स्टीलची असेल आणि महिन्यातून एकदा कोमट पाणी, साबण आणि जुन्या टूथब्रशने घासली तर ती कमान यायला किती वर्षं लागतील? तुमच्याकडे न धुतलेल्याच येतात. धुणारे कशाला येतील?

घड्याळजी_ठाणे

खरंय, धुणारे येतच नाहीत. पण सोन्याची घेणारे धुणाऱ्यांपैकी नसतात, हेही तितकंच खरं.

आल्प्सपल्याड

झुरिकहून लिहितोय, इथे ही घड्याळं काचेमागे रोज दिसतात म्हणून चष्मा थोडा वेगळा. तुम्ही सगळे स्टीलमध्ये अडकलात. वजनाबद्दल अजून कुणी एक शब्द काढलेला नाही.

घनता बघा. स्टील साधारण 8 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, टायटॅनियम साडेचार, 18 कॅरेट सोनं साडेपंधराच्या आसपास. घड्याळ तेच, चेन तीच, धातू बदलला की हाताला जाणवणारी वस्तूच बदलते. ग्रँड सेइकोची टायटॅनियमची स्नोफ्लेक घालून बघा, मग ऑयस्टर उचला. हलकं घड्याळ कमी घसरतं, म्हणून थोडं सैल ठेवता येतं, म्हणून सुजलेल्या हातालाही रुतत नाही. टिकटिकरावांचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

टिकटिक

आणि त्याच ग्रँड सेइकोला नेहमीच्या क्लास्पमध्ये सरकवायची सोय द्यायला 2025 उजाडावं लागलं! आता कुठे तीन टप्प्यांत 6 मिमी, तेही मोजक्या मॉडेलवर. जगातल्या सगळ्यात सुबक पॉलिशवाल्यांनी इतकी वर्षं मनगटाचा विचारच केला नाही. माझाच मुद्दा सिद्ध होतोय.

आल्प्सपल्याड

नाही होत. 2025 च्या आधीही लोक ती दिवसभर घालत होते, कारण हलकी होती.

निळा_डायल

हलकी म्हणजे हातात काही आहे की नाही तेच कळत नाही. लाखांत पैसे मोजल्यावर थोडं वजन हवंच. भरीव केसला भरीव चेनचाच तोल लागतो. जड सोन्याचं घड्याळ चामडी पट्ट्यावर घातलं की मनगटाच्या बाजूला कलंडतं, चेनवर घातलं की जागेवर राहतं. वजन नुसतं असून भागत नाही, ते वाटून यायला लागतं.

खाजकुयली

एक मूलभूत शंका. मला निकेलची ॲलर्जी आहे, खोटे दागिने घातले की पुरळ येतं. रोलेक्सचं स्टील 'वेगळं' असतं, त्याने होत नाही, असं एका विक्रेत्याने सांगितलं. खरं का?

आल्प्सपल्याड

वेगळं आहे, पण उलट्या दिशेने. रोलेक्स 904L नावाचं स्टील वापरते, बाकीचे बहुतेक 316L. 316L मध्ये निकेल साधारण 10 ते 14 टक्के, 904L मध्ये 23 ते 28. दोन्हींमधून ते बाहेर फार कमी येतं, कारण वर क्रोमियमच्या ऑक्साइडचा थर धरलेला असतो, आणि बहुतेकांना काहीच होत नाही. पण तुमची ॲलर्जी जोरात असेल तर टायटॅनियम घ्या. 904L चा खरा फायदा गंजरोधात, खारा घाम आणि समुद्र यांच्यापुढे. ते जास्त कडक आहे, ओरखडे कमी पडतात, वगैरे जे ऐकू येतं त्यात तथ्य नाही.

पश्चिमरंग

रत्नागिरीत राहतो. जून ते सप्टेंबर इथे चामडी पट्ट्याला बुरशी येते, हा प्रश्न पुण्या-झुरिकच्या लोकांना नसावा. या धाग्यात व्हॅशरॉन कंपनीच्या ओव्हरसीज घड्याळाचं नाव आलंच नाही याचं नवल वाटलं. 2016 पासून तिची चेन हत्याराशिवाय निघते, पावसाळ्यात रबर, दिवाळीत चेन. वर क्लास्पजवळ थोडी सैल करायचीही सोय आहे. म्हणजे केसला जोडलेली चेन, सुंदर फिनिशिंग आणि आराम, तिन्ही एकत्र होऊ शकतं. रॉयल ओकवाल्यांनी केलं नाही, एवढंच.

मित्राची दोन-तीनदा घालून बघितलीय. स्वतःची नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निळा_डायल

ओव्हरसीजच्या कड्यांना माल्टीज क्रॉसचा अर्धा आकार आहे. चेनवर कंपनीचं बोधचिन्ह मिरवणं मला नाही झेपत. पण हो, तिची अदलाबदल चांगली आहे.

सोळासहाशेदहा

सगळे नव्याचंच बोलताय म्हणून एक विरोधी मत नोंदवतो. 2010 पूर्वीचा सबमरीनर 16610. क्लास्प पातळ पत्रा दाबून-वाकवून केलेला, हलवला की खुळखुळतो, दोन बोटांत धरला तर वाकेल की काय अशी भीती. टिकटिक यांच्या ग्लाइडलॉकपुढे त्याला दर्जा म्हणायचीच लाज वाटेल. क्लास्पच्या बाजूला भोकं, टोकदार काडीने पिन दाबून पुढच्या भोकात सरकवायची, बस्स. आणि घालायला? नव्यापेक्षा हलका, क्लास्प मनगटाखाली बोचत नाही, टेबलावर हात ठेवून टाइप करताना त्याचा ठोकळा आड येत नाही. नवा ग्लाइडलॉक लॅपटॉपच्या कडेवर आपटतो तो आवाज ऐकलाय ना? दिवसभर कीबोर्डवर बसणाऱ्याला जाड क्लास्प म्हणजे शिक्षा.

टिकटिक

टाइप करताना मी घड्याळ काढून ठेवतो.

निळा_डायल

स्क्रीनशॉट घेऊन ठेवला आहे. जगातली सगळ्यात आरामदायक चेन टेबलावर काढून ठेवतात म्हणे.

टिकटिक

लॅपटॉपवर ओरखडे पडू नयेत म्हणून. हाताला त्रास होतो म्हणून नाही. मुद्दा तिथेच आहे.

खाजकुयली

तुमचं चालू द्या. मी टायटॅनियमकडे झुकलेय, पण नवऱ्याला सेकंडहँड रॉयल ओक बघायची आहे. बघायला जाताना काय तपासायचं?

टिकटिक

दुपारी जा, सकाळी नको. आणि हातावर ठेवून निदान अर्धा तास दुकानात फिरा.

घड्याळजी_ठाणे

आडवी धरून बघा, लोंबते का. ब्रश आणि पॉलिशमधली रेघ भिंग लावून बघा. पहिल्या कडीपासून शेवटच्यापर्यंत सारखी तिखट हवी, मध्येच गोल झाली असेल तर चाक लागलेलं आहे. आणि आधीच्या मालकाने काढलेल्या कड्या मागा, त्याच घड्याळाच्या. निळा डायल म्हणाले तसं तिथे कडीगणिक माप बदलतं, कुठलीही कडी कुठेही बसत नाही. कड्या नसतील आणि यजमानांचं मनगट त्या मालकापेक्षा मोठं असेल, तर भाव ठरवायच्या आधी नव्या कड्यांचा खर्च विचारून घ्या.