शॉर्ट सेलरच्या अहवालाला औषध-संशोधन कंपनीने उत्तर कसे द्यावे?

प्रश्न

शेअर बाजारात नोंदणी असलेल्या एका लहान जैवतंत्रज्ञान कंपनीत मी गुंतवणूकदार-संपर्काचे काम पाहते. आमचे एकही औषध अजून बाजारात नाही. एकाची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी चालू आहे. आमचे शेअर उसने घेऊन विकलेल्या आणि भाव पडल्यावर ते स्वस्तात परत घेऊन नफा कमावू पाहणाऱ्या एका संस्थेने (म्हणजे शॉर्ट सेलरने) नुकताच अहवाल काढून, दुसऱ्या टप्प्याच्या विश्लेषणातून काही रुग्ण का वगळले, असा प्रश्न विचारला आहे. काही संचालकांना वकिलाची नोटीस धाडायची आहे, तर काहींच्या मते गप्प बसावे. मला दोन्ही पटत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

टीकाकाराच्या हेतूवर एक वाक्यही खर्च करू नका. भाव पडला तर आपला फायदा आहे, हे बहुधा त्याने अहवालातच जाहीर केलेले असते आणि त्यामुळे त्याचा प्रश्न चुकीचा ठरत नाही. अर्थशास्त्रज्ञ ओवेन लॅमाँट यांनी १९७७ ते २००२ या काळात शॉर्ट सेलरांशी उघड लढा दिलेल्या अमेरिकी कंपन्या तपासल्या, तेव्हा पुढील वर्षभर त्यांच्या शेअरचा परतावा अपेक्षेपेक्षा दरमहा सुमारे २ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. लढल्यामुळे भाव पडतो असे यावरून म्हणता येणार नाही. पण नोटिशीचा अर्थ बाजार काय लावतो, ते संचालकांना सांगायला हा आधार पुरेसा आहे.

प्रतिसाद २

मी चाचण्यांच्या संख्याशास्त्रीय विश्लेषणात काम करतो. रुग्ण वगळण्याचा निर्णय कोणाला औषध व कोणाला प्लासिबो (औषधासारखेच दिसणारे, पण औषध नसलेले) मिळाले हे उघड होण्यापूर्वी झाला की नंतर, यावर सारे अवलंबून आहे. आधी झाला असेल, तर विश्लेषणाचा पूर्वलिखित आराखडा तारखेसह प्रसिद्ध करा आणि सर्व रुग्ण धरून येणारा निकालही शेजारी द्या, मग तो कमी आकर्षक असला तरी चालेल. नंतर झाला असेल, तर तसे स्वतःहून सांगा. इंटरम्यून कंपनीने २००२ मध्ये ॲक्टिम्यून या औषधाच्या चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साधले नसताना, नंतर निवडलेल्या एका रुग्णगटातील फायदा प्रसिद्धिपत्रकात ठळकपणे मांडला होता. त्या फायद्याची शहानिशा करण्यासाठी घेतलेली पुढची मोठी चाचणी २००७ मध्ये लाभ दिसत नाही म्हणून थांबवावी लागली. चालू चाचणीचा विदा (डेटा) मात्र कितीही दबाव आला तरी उघडू नका. त्याने चाचणीच निकामी होईल.

प्रतिसाद ३

वरील मतांशी बव्हंशी सहमत आहे, परंतु खोट्या आरोपाची झळ कमी लेखू नये. ज्या कंपनीला विक्रीतून उत्पन्न नाही, तिला चाचणीचा खर्च नवे शेअर विकूनच उभा करावा लागतो. भाव निम्म्यावर आला की तेवढ्याच पैशासाठी दुप्पट शेअर द्यावे लागतात आणि चांगले औषधही अर्ध्यावर अडकू शकते. म्हणून धादांत असत्य विधान असेल, तर तेवढ्यापुरती कायदेशीर कारवाई योग्यच आहे. पण अशी कारवाई केली किंवा टीकाकाराची मागणी फेटाळली गेली, तरी तो निर्दोषत्वाचा दाखला मानू नये. कसावा सायन्सेस या अमेरिकी कंपनीच्या सिमुफिलॅम या अल्झायमरवरील औषधाच्या चाचण्या थांबवण्याची मागणी करणारा अर्ज २०२१ मध्ये शॉर्ट सेलरांच्या वकिलांनी एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेकडे केला आणि तो २०२२ मध्ये फेटाळला गेला, कारण अशा मागणीसाठी ती प्रक्रिया नव्हतीच. सप्टेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या निकालांबाबत दिशाभूल केल्याच्या आरोपावरून कंपनीने, आरोप मान्य वा अमान्य न करता, ४ कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिसऱ्या टप्प्यातील चाचणी अपयशी ठरली.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. वगळण्याच्या निर्णयाची नोंद मी तारखेसह मागवली आहे आणि ती हाती येईपर्यंत कोणतेही निवेदन जाऊ नये, असे लेखी कळवले आहे. एक गोष्ट आपल्याला सांगायची राहिली होती: अहवाल आल्यापासून चाचणी केंद्रांवर रुग्ण विचारत आहेत की औषध घेत राहावे का. त्यांना देण्याचा मजकूर आधी नैतिकता समितीकडे पाठवत आहे, आणि गुंतवणूकदारांना त्याहून वेगळे काही सांगितले जाणार नाही, याची जबाबदारी मी स्वतः घेतली आहे.