स्लॅब गळतोय? डांबर नको, आधी कठड्याचा सांधा बघा
खानापूरच्या एका घराचा स्लॅब गळून छताला डाग पडलाय, काय करावं असा प्रश्न आलाय; डाग आहे तिथं वरून डांबर फासा, असं कुणीतरी सुचवलंय. नको. उन्हानं ते दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं. शिवाय डागाच्या बरोबर वरूनच पाणी शिरतं असं नाही. बहुतेकदा कठड्याच्या सांध्यातून (गच्चीचा कठडा स्लॅबला मिळतो तिथून) किंवा पावसाच्या पाइपाच्या तोंडाशी शिरतं. सांधा 10 मिमी खोल फोडून धूळ झाडा, ओला करा, पॉलिमर (पाणी अडवणारं, चिकट द्रावण) मिसळलेला 1:3 सिमेंट-वाळूचा माल भरा. कोपऱ्याला 75 मिमी गोलाई द्या (गवंडी हीच टाळतात!). सात दिवस पाणी मारा, मग स्लॅबवर 24 तास पाणी तुंबवून खालून तपासा. पाइपाकडे 100 ला 1 उतार नसेल, तर महागडं कोटिंगही टिकणार नाही. मार्चमध्येच उरका, वळवाच्या आत.