आईला कॅन्सरचं नाव सांगायचं की नाही?

समुपदेशक, परळ
परळच्या ओपीडीबाहेर हमखास ऐकू येणारी विनवणी म्हणजे, "डॉक्टर, आईसमोर काही बोलू नका." फाइल मुलाच्या पिशवीत, रिपोर्ट सुनेच्या मोबाइलवर, आणि आईला सांगितलेलं असतं की साधी गाठ आहे. हे मायेपोटी होतं हे मान्य, पण त्यामुळे पेशंट भरल्या घरात एकटी पडते. तिला कळत नाही असं थोडंच आहे! अनेक केमोंमध्ये पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात, डॉक्सोरुबिसिन हे औषध असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, शेजारच्या खाटेवरची बाई उरलेलं सांगते. मग पोरांना घोर नको म्हणून आपल्याला ठाऊक आहे हेच ती लपवते. दागिने कुणाला द्यायचे, गावच्या घराचं काय, धाकट्या भावाशी धरलेला अबोला सोडायचा का, हे सगळं बोलायचं राहून जातं.

फॅमिली डॉक्टर, गिरगाव
ताई, सरसकट सांगाच, हे मला पटत नाही. "जे काय ते माझ्या मुलाशी बोला" असं सांगणारे पेशंट असतात. न कळण्याचाही हक्क असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला सांगितलं तर ती विसरते आणि प्रत्येक वेळी नव्यानं हादरते. शिवाय सांगतात कसं? दार उघडं, बाहेर पुढचा नंबर पुकारला जातोय, पाच मिनिटांत उरकलं. असा धक्का बसलेला माणूस उपचार सोडून जडीबुटीवाल्याकडे जातो. त्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं.

केमो डे-केअरची नर्स
गप्प राहण्यानं जीव जाऊ शकतो, डॉक्टर. बऱ्याच केमोंनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात. तेव्हा 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरेनहाइट ताप आला तरी लगेच रुग्णालय गाठायचं असतं. अँटिबायोटिक शिरेतून द्यावं लागतं, तेही तातडीनं. जिला "ताकदीचं सलाइन आहे" असं सांगितलंय ती तापाची गोळी घेऊन पडून राहते. तिच्या हातात थर्मामीटर कोण आणि काय सांगून देणार?

वकील, दादर
कायद्याचं थोडक्यात. सज्ञान, शुद्धीवरच्या पेशंटच्या वतीनं नातेवाइकाची सही चालत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये भूल दिलेल्या सज्ञान मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी आईनं दिलेली संमती ग्राह्य धरली नाही, कारण तातडीचा धोका नव्हता. व्हेंटिलेटर नको असं आधीच लिहून ठेवायचं, तर 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. पण आजारच माहीत नसलेली बाई ते लिहील कशाला?

फॅमिली डॉक्टर, गिरगाव
ताप आणि सहीचा मुद्दा मान्य. तरी स्टेज, टक्के, "किती महिने" हे आपणहून सांगायला माझा विरोधच राहील.

समुपदेशक, परळ
आकडे सांगा असं मी म्हणतच नाही. आधी तिलाच विचारायचं, "तुम्हाला काय झालंय असं वाटतं?" मग, "सगळं ऐकायचंय, की मुलाशी बोलू?" ती मुलाकडे बोट दाखवेल तर तिथंच थांबायचं, पुढच्या भेटीत पुन्हा विचारायचं. ऐकायचं म्हणाली तर, "रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही," एवढं एकच वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. लोक चुकतात ते इथं. तिचे डोळे भरले की घाईघाईनं "काही होत नाही" म्हणतात, आणि ती विचारायचीच बंद होते.

फॅमिली डॉक्टर, गिरगाव
आणि हे करायचं कुठे? चाळीतल्या एका खोलीत सहा माणसं, पार्टिशनपलीकडे शेजारी.

समुपदेशक, परळ
घरी नकोच. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला आधी गाठा आणि ओपीडीच्या गर्दीनंतरची वेळ मागून घ्या. बंद दाराची खोली, आई आणि तिनं निवडलेलं एकच माणूस. कोण सोबत हवं हे मुलांनी नाही, तिनं ठरवायचं.